एसटीला कुंपण घालता येत नाही, मग राखण कशी करायची?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत सुमारे अकरा मिनिटांच्या आत सात बॉम्बस्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली, शेकडो जायबंदी झाली. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून धरू नये. म्हणजे स्फोटाला एकोणीस वर्षे उलटली तरी कोर्टाची पायरी काही सुटली नव्हती.

गुन्हेगार शोधणे आणि त्याला शिक्षा देणे हे व्हायलाच हवे. पण त्याच्या भरवशावर प्रवाशाचा जीव राखला जात नाही. जीव राखायचा तर जे करायचे ते आधीच करावे लागते. आणि हा प्रश्न काही एकट्या मुंबईचा नाही. आपली पोरे शाळा-कॉलेजला एसटीने जातात, म्हातारी माणसे तालुक्याच्या दवाखान्यात एसटीने जातात, मुंबई-पुण्यात कामाला असलेला घरचा माणूस लोकलला लोंबकळतो. गाडी बंद पडली तर खोळंबा आधी गावाचाच होतो.

विमानतळासारखी झडती का नाही?

असा प्रकार घडला की चार दिवस सगळीकडून एकच मागणी होते. प्रत्येक स्टँडवर यंत्र बसवा, प्रत्येक पिशवी उघडून बघा. ऐकायला बरे वाटते, पण हिशेब करून बघा. विमानाला माणसे दोन तास आधी येतात आणि दारे मोजकी असतात. एसटी फाट्याफाट्याला थांबते, हात केला तरी थांबते. सकाळच्या पहिल्या गाडीत भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन, दप्तरे, गाठोडी असतात. ती एकेक उघडून बघायची म्हटली तर बाजार उठून जाईल आणि गाडी निघणारच नाही. शिवाय झडतीसाठी दारात जी रांग लागते, ती गर्दीच असते. घातपात करणाऱ्याला गर्दीच हवी असते, मग ती दाराच्या आत असो की बाहेर.

तेव्हा सगळे सारखेच राखायचे हा विचार सोडून द्यावा लागतो. कुठे किती राखायचे हे आधी ठरवायचे, यालाच सरकारी भाषेत जोखीम व्यवस्थापन म्हणतात. नाव मोठे असले तरी शेतकरी हे रोज करतो. कडब्याची गंजी आपण गोठ्याला चिकटून रचत नाही. सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवत नाही. रानडुकरे ज्या बाजूने शिरतात तिकडे आधी काट्या लावतो, मग बाकीच्या बांधाकडे बघतो.

प्रश्न तीनच विचारायचे. असे काही घडण्याचा संभव किती? घडले तर नुकसान केवढे? आणि आपल्या राखणीत फट कुठे आहे? आडबाजूच्या फाट्यावर चार माणसे उभी असतात, तिथे संभवही कमी आणि नुकसानही मर्यादित. जिल्ह्याचे स्टँड दिवाळीत, किंवा आषाढीला हजारो जादा गाड्या सुटतात तेव्हाचे पंढरपूर, इथे तिन्ही उत्तरे वेगळी येतात. पोलीस, श्वानपथक, कॅमेरे आधी तिथे लागले तर ते आपल्यावर अन्याय केला असे समजू नये.

एकाच खर्चात दोन कामे

धोके तोलताना दुसरेही पारडे बघावे लागते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. १ जुलै २०२३ रोजी बुलडाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण जळून गेले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला, तिथे तर कुणी बॉम्ब ठेवला नव्हता.

म्हणून पैसा कमी असेल तर जे दोन्हीकडे कामाला येते ते आधी करावे. संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा खरोखर उघडतो का? आग विझवायचे नळकांडे भरलेले आहे का, की नुसते शोभेला टांगले आहे? स्टँडच्या बाहेर पडायच्या वाटेवर टपऱ्या आणि मोटारसायकली अडव्या लागल्या आहेत का? स्फोट होवो, आग लागो की गर्दी बिथरो, माणूस वाचतो तो मोकळ्या वाटेनेच.

फटी कुठे आहेत?

पहिली फट म्हणजे बेवारस सामान. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोघा हल्लेखोरांनी ५० हून अधिक प्रवासी मारले. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत बसलेली, गाठोडी-बोचकी घेतलेली साधी माणसे त्यांत बरीच होती. पळापळीत पडलेले सामान गोळा करून ठेवले गेले, आणि आठवड्याने, ३ डिसेंबरला, त्याच ढिगात जिवंत बॉम्ब सापडला. म्हणजे सामान उचलले, पण तपासले नाही. त्याच रात्रीची दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी. रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या जागेवरून हलले नाहीत. कोणत्या वाटेने बाहेर पडायचे हे ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले आणि कितीतरी लोक वाचले. एक माणूस आणि चालू असलेला भोंगा, एवढीच ती सामग्री होती. आपल्या स्टँडवरचा भोंगा चालू आहे का, हे आगारात जाऊन विचारायला काय हरकत आहे?

दुसरी फट कचऱ्याच्या डब्याची. १९९१ साली लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर कचऱ्याच्या डब्यात ठेवलेला बॉम्ब फुटून एक जण मेला. तिथल्या रेल्वेने पुढे स्थानकांवरचे डबेच काढून टाकले. लपवायची जागाच उरली नाही. अशा उपायाला यंत्र लागत नाही, फक्त डोळे उघडे ठेवून स्टँडभर एक चक्कर मारावी लागते.

तिसरी फट रात्री उभ्या राहणाऱ्या गाडीची. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात स्वारगेट स्थानकात उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. तो दहशतवाद नव्हे. पण उभ्या गाडीत कोणीही चढू शकतो, हे त्यातून सगळ्या महाराष्ट्राला कळले. ही फट बुजवली तर आपल्या लेकीबाळीही सुरक्षित होतात आणि गाडीही. मुक्कामाची गाडी गावात थांबते तिथे दिवा आहे का, दार लागते का, हे बघणे ग्रामपंचायतीच्याही हातात आहे.

चौथी फट आपल्याच सवयीची. "एवढं पुढच्या स्टँडवर द्या, आमचा माणूस येईल घ्यायला," असे म्हणून आपण वाहकाच्या हातात पुडके देतो. ओळखीने चालते, कधी मोटरचे पार्ट असतात, कधी लग्नपत्रिका. पण ज्या पुडक्याबरोबर माणूस नाही आणि ज्याची पावती नाही, त्यात काय आहे हे कोण सांगणार? वाहकाने नाही म्हटले तर त्याच्यावर रागावू नये. रीतसर पार्सल करून, नाव-गाव लिहून पाठवावे.

रूळ आणि सुरुंग

धोका शहरातच असतो असे समजणे चुकीचे आहे. २८ मे २०१० च्या रात्री पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागात ज्ञानेश्वरी एक्सप्रेस रुळावरून घसरली, समोरून आलेल्या मालगाडीने तिला धडक दिली आणि १४० हून अधिक प्रवासी गेले. रूळ जखडून ठेवणाऱ्या क्लिपा काढल्याचे तपासात पुढे आले. शेकडो मैलांच्या रुळांवर पोलीस बसवता येत नाही. पण ज्यांची शेते रुळाला लागून आहेत, ते तिथे रोज असतात. रुळाशी कुणी खटपट करताना दिसले, तर १३९ वर रेल्वेला कळवायला एक मिनिट लागते.

आणखी एक गोष्ट थेट गावातली. विहिरीला आणि खाणीला सुरुंग लावतात त्या जिलेटिनच्या कांड्या आणि त्यांच्या टोप्या परवान्याशिवाय ठेवता येत नाहीत. अमोनियम नायट्रेटसाठीही २०१२ पासून वेगळे नियम आहेत. १३ जुलै २०११ रोजी मुंबईत झालेल्या तीन स्फोटांत हेच रसायन वापरल्याचे पुढे आले होते, आणि त्यांतला एक स्फोट दादरला बस थांब्यापाशी झाला होता. असा माल काही आकाशातून पडत नाही. कुठल्या तरी कोठारातून, कुठल्या तरी कामावरून तो फुटतो. विहिरीचे काम संपल्यावर उरलेल्या कांड्या खोपीत पडून राहिल्या, तर त्या कुणाच्याही हाती लागतील. सुरुंगवाल्याने आणल्या किती, वापरल्या किती, परत नेल्या किती, हे विहीर मालकाने लिहून घ्यावे आणि पोलीस पाटलाने अधूनमधून विचारावे. दहशतवाद रोखायला गावाने करायचे सगळ्यांत मोलाचे काम कदाचित हेच असेल.

वस्तूकडे बघा, माणसाच्या पेहरावाकडे नको

सावध राहणे वेगळे आणि संशयाने पछाडणे वेगळे. दाढी, टोपी, परकी बोली बघून माणसाला घेरले, तर हाती काही लागत नाही, गाव मात्र दुभंगते. आणि ज्या वस्तीला आपण संशयित ठरवले, तिथून पुढे खबर मिळायची बंद होते. चुकीचा माणूस धरला तर एकाचे आयुष्य नासते आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरतो. म्हणून बघायचे ते सामान कुणाचे आहे, कुणी ठेवून निघून गेले का, हे.

तशी वस्तू दिसली तर हात लावू नये, उचलून बाहेर टाकण्याचे शौर्य करू नये. माणसे लांब करावीत, चालक-वाहकाला सांगावे आणि दूर जाऊन ११२ ला फोन करावा. स्फोट झालाच तर बघ्यांची गर्दी हा दुसरा धोका, कारण आणखी एक बॉम्ब असू शकतो. जखमींसाठी १०८ ची गाडी बोलवावी आणि तिला रस्ता मोकळा ठेवावा. खात्री नसलेला निरोप मोबाईलवर पुढे ढकलू नये. अफवेनेही माणसे चेंगरतात.

येत्या ग्रामसभेत या विषयाला अर्धा तास द्यायला हरकत नाही. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांनी एका कागदावर लिहून काढावे, की आपल्या थांब्यावर गर्दी कोणत्या दिवशी होते, मुक्कामाची गाडी कुठे उभी राहते, सुरुंगाची कामे कुठे चालू आहेत, आणि काही घडले तर पहिला फोन कोण करणार. एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी, एक आगार व्यवस्थापकाकडे. याला निधी लागत नाही. २००६ च्या स्फोटांनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल धावल्या आणि माणसे त्यांत बसली, म्हणून मुंबई उभी राहिली. आपली सकाळची गाडीही रोज सुटली पाहिजे, आणि तिच्यात बसताना पोरीच्या आईला घोर लागता कामा नये.