कानाची साक्ष

निसर्गाच्या नासाडीविषयी कोणी कळवळून बोलू लागले की आपल्याकडची काही विद्वान मंडळी चष्मा सावरून म्हणतात, "आकडे सांगा, पाखरांची किलबिल कवींकडे सोपवा." हा उपदेश दिसतो शास्त्रीय, असतो मात्र सोयीचा!

अमेरिकेतल्या रेचेल कार्सनबाईंचेच पाहा. बाई प्राणिशास्त्रात एम. ए. झालेल्या, सरकारच्या मत्स्य व वन्यजीव खात्यात त्यांनी वर्षानुवर्षे काम केलेले. डीडीटीसारख्या कीटकनाशकांच्या बेसुमार वापराविरुद्ध १९६२ साली त्यांनी 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक लिहिले. त्याची सुरुवात कोष्टकाने होत नाही. एका कल्पित गावात वसंत आला आहे आणि एकही पाखरू बोलत नाही, इथून ती होते. ती शांतता आधी वाचकाच्या कानात घुमते; मग बाई पुरावे मांडतात. पुस्तकाअखेरची संदर्भांची यादीच मुळी पन्नासावर पानांची आहे!

यावर कारखानदारांच्या गोटातून ओरड झाली, की बाई भावनेच्या आहारी गेल्या आहेत. आणि गंमत अशी, की त्याच वर्षी मोन्सँटो कंपनीने उत्तरादाखल छापली तीही गोष्टच : कीटकनाशकांवाचून किड्यांनी फस्त केलेल्या अमेरिकेची! म्हणजे भावना चालते. फक्त ती आपल्या बाजूची हवी.

कोणी म्हणेल, भाषेच्या जादूने खोटेही खपते. कबूल! म्हणून तर ती यादी हवी. १९६३ साली केनेडींच्या विज्ञान-सल्लागार समितीने बाईंच्या इशाऱ्याला दुजोरा दिला. १९७२ साली अमेरिकेत शेतीवरची डीडीटीची फवारणी जवळजवळ बंद झाली. ते पाहायला बाई नव्हत्या. १९६४ सालीच त्या निवर्तल्या. पण यादी उघडायला लोक बसले, ते त्या मुक्या वसंतामुळेच ना?

वाचकहो, आपल्याकडेही चार मीटरवर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणाऱ्या फटाक्याला कायद्याने मनाई आहे. आकडा हवाच, त्यावाचून पोलीस बोट कुठे ठेवणार? पण १२५ म्हणजे किती, हे आपल्या घरात कोणाला ठाऊक आहे? पाळण्यात दचकून उठणाऱ्या बाळाला, आणि पलंगाखाली शिरून थरथरणाऱ्या कुत्र्याला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांची साक्ष आधी घ्या. आकडा मग आपोआप पटेल.