चेन वाजली की पूर्ण सेट बदला, आणि मृगाच्या आधी बदला



आज फवारणीचा किंवा खताचा सल्ला नाही. टोमॅटोची रोपं अजून नर्सरीत आहेत, भाताची खाचरं कोरडी पडलीत, हातात थोडे दिवस आहेत. म्हणून गाडीबद्दल लिहितोय. शेतीचा माणूस इंजिनचं काय सांगणार, असं काही जण म्हणतील. पण मागच्या खरिपात आपल्या गटाचा एक तोडा करप्याने नाही, गाडीने घालवला. आणि ती गाडी आमच्याच घरची होती.

जुनी फोर व्हील, डबल केबिन, डिझेल. विकली नाही कारण पावसाळ्यात आमच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत दुसरं काही चढत नाही. राजूर, घाटघर, रतनवाडीकडच्या सभासदांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी पहिला सेल्फ मारला की तीन-चार सेकंद पुढच्या बाजूने खडखड यायची, मग बंद व्हायची. गॅरेजवाल्याने ऐकलं आणि म्हणाला, टेन्शनर गेलाय, चेन अजून चालेल. टेन्शनर बदलला. महिनाभर शांत. मग परत खडखड सुरू. नाना (आमचे वडील) म्हणाले, "अरे गरम झाल्यावर जातोय ना आवाज, मग कशाला एवढा खर्च? हंगाम होऊ दे." मीही गप्प बसलो. ऑइल बदलायचं राहिलं होतं तेही माझ्याच हातून.

सप्टेंबरमध्ये पहाटे नारायणगावला निघालो, ब्राह्मणवाड्यावरून ओतूरकडे. घाटात एकदा जोरात कडकड झाली आणि इंजिन बंद. परत सेल्फ मारला तर नुसतं मोकळं फिरतंय. गाडीत चार शेतकऱ्यांचे क्रेट होते. दुसरी पिकअप मिळून माल भरेपर्यंत दुपार झाली, लाल माल खालच्या क्रेटमध्ये नरम पडला, बाजारात पोचलो तेव्हा चांगला भाव होऊन गेला होता. चौघांपैकी कोणी मला एक शब्द बोललं नाही. पण पुढच्या तोड्याला त्यातल्या दोघांनी क्रेट दुसऱ्या गाडीत टाकले.

हेड खोलल्यावर वॉल्व्ह वाकलेले निघाले. चेंबरमध्ये प्लॅस्टिकचे तुकडे. चेनचं काम वेळेवर केलं असतं तर एका तोड्याच्या पैशात भागलं असतं. नंतर अख्ख्या प्लॉटच्या पट्ट्या गेल्या.

आपल्याला याची सवय नाही त्याचं एक कारण ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनात टायमिंगला गिअर असतात. वर्षानुवर्षं तिकडे कोणी बघत नाही आणि चालतं. गाड्यांचं तसं नाही. मारुती जिप्सीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनला बेल्ट आहे, तो ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा असतो. स्कॉर्पिओच्या २.२ लिटर एमहॉक डिझेलला चेन आहे. चेनला बहुतेक वेळा पुस्तकात बदलायचा किलोमीटर लिहिलेला नसतो, म्हणून आपण समजतो की ती जन्मभर टिकणार. टिकते, ऑइल वेळेवर बदललं तर.

चेनचं काम एवढंच की क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा व्हावा, म्हणजे पिस्टन वर येताना वॉल्व्ह त्याच्या वाटेत नसावेत. चेन रबरासारखी ताणली जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश थोडी थोडी झिजते, आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन लांबते. डिझेलच्या काळ्या ऑइलमधली काजळी ही झीज वाढवते. ढिली चेन ताणून धरायला टेन्शनर असतो आणि बऱ्याच इंजिनात तो ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की प्रेशर नसतं, म्हणून पहिल्या सेल्फला खडखड. प्रेशर आलं की आवाज दबतो. दबतो म्हणतोय मी, झीज भरून येत नाही. पुढे चेन दात सोडते आणि पिस्टन वॉल्व्हवर आदळतो. त्याआधी कधी कधी गाडी उशिरा स्टार्ट होते, चेक लाइट लागते. स्कॅनरवर पी००१६ कोड आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये असा अर्थ. तो सेन्सरच्या बिघाडानेही येतो, पण खडखड आणि कोड दोन्ही असतील तर आधी चेन बघायची.

आता माझं मत. नुसता टेन्शनर बदलू नका. मोटरसायकलची चेन संपली की आपण चेन-स्पॉकेटचा पूर्ण सेट टाकतो, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन टिकत नाही. इथेही तेच. चेन, टेन्शनर, प्लॅस्टिकच्या गाइड पट्ट्या, चक्करं, पुढचं ऑइल सील, सगळं एकदम. मजुरी पुढचं कव्हर खोलण्याचीच जास्त असते, ती दोनदा कशाला द्यायची? पट्टी तुटलेली निघाली तर चेंबर उतरवून ऑइलची जाळी साफ करून घ्या, नाहीतर तुकडे जाळीत अडकून ऑइलच थांबेल. काम झाल्यावर नवं ऑइल, नवा फिल्टर.

काम चालू असताना शक्य असेल तर तिथे थांबा. क्रँक आणि कॅम लॉक करायची त्या इंजिनची पिन किंवा टूल फिटरकडे आहे का, ते आधी विचारा. "अंदाजाने बसवतो" म्हणाला तर गाडी परत आणा. टायमिंग बसवल्यावर सेल्फ मारण्याआधी क्रँक पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेरे फिरवायला सांगा. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांनी चक्करांवरच्या खुणा जागेवर यायला हव्यात. चेनवरच्या रंगीत कड्या मात्र लगेच परत जुळत नाहीत, त्याने घाबरू नका. जुने पार्ट पिशवीत घालून मागून घ्या.

ज्यांची चेन वाजतेय आणि काम अजून व्हायचंय त्यांनी गाडीला धक्का स्टार्ट देऊ नये. उतारावर नुसती गिअरमध्ये टाकून उभी करू नये. गाडी मागे ओढली जाऊन इंजिन उलटं फिरलं तर ढिली चेन दात सोडू शकते. हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा.

काही जण सांगतात, जाड ऑइल टाक, आवाज बसेल, मग विकून टाक. पहिलं म्हणजे थंडीत जाड ऑइल टेन्शनरपर्यंत पोचायला उलट उशीर लागतो. दुसरं, ती गाडी घेणारा बहुतेक आपल्याच तालुक्यातला शेतकरी असणार. नवीन गाडी घ्या म्हणणाऱ्यांचं थोडं पटतं. इंजिन ऑइल खात असेल, निळा धूर सोडत असेल, तर नुसत्या चेनवर पैसे घालू नका. पण बाकी इंजिन धड असेल तर फोर व्हील गाडी नव्या हप्त्यापेक्षा स्वस्त पडते, असा माझा हिशोब आहे.

आणि एक. हा संचालक मंडळाचा ठराव नाही, माझं म्हणणं आहे. जी गाडी दुसऱ्या सभासदांचा माल नेते तिची चेन वाजत असेल, तर ती काम होईपर्यंत संकलनाच्या फेरीला लावू नये. आमची असली तरी. करप्याची फवारणी आपण डाग दिसायच्या आधी करतो, आणि इथे तर गाडी रोज सकाळी स्वतः ओरडून सांगते.

मृग लागायला दिवस थोडे आहेत, पाऊस सुरू झाला की गॅरेजला नंबर लागत नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी उद्या सकाळी गाडी थंड असताना बोनेट उघडा ठेवून घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, आणि पहिल्या दहा सेकंदांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून याच नंबरवर पाठवा. सोबत गाडीचं मॉडेल, साल, किलोमीटर आणि शेवटचं ऑइल कधी बदललं ते लिहा. आलेले सगळे आवाज मी रविवारी आमच्या नव्या फिटरकडे घेऊन जाणार आहे.