दोघीजणी जेवायला बसतात तेव्हा

पुरुष घरातून निघताना 'जरा जाऊन येतो' एवढंच म्हणतो. कुठे, कशाला, किती वेळ, हे त्याला सांगावं लागत नाही. नाका, पार, पानाची टपरी, इराण्याचं हॉटेल या सगळ्या जागा त्याच्या त्या 'जरा'साठीच तर आहेत. बाई निघते ती काम घेऊन. रेशन, दळण, मुलांची शाळा, दवाखाना, फार तर देऊळ. बायका एकमेकींना भेटत नाहीत असं नाही. नळावर भेटतात, लोकलच्या डब्यात भाजी निवडता निवडता भेटतात, हळदीकुंकवाला भेटतात. पण हात रिकामे आणि निमित्त काहीच नाही, अशी भेट? 'मैत्रिणीबरोबर जेवायला चाललेय' हे आपल्या घरांत अजूनही कारण म्हणून धरलं जात नाही.

गेल्या महिन्यात मी आणि माझी एक जुनी मैत्रीण दादरच्या एका हॉटेलात साडेबारा ते चार बसलो होतो. आमची ओळख मार्च १९८० ची, मथुरा खटल्याच्या फेरविचाराची मागणी करणाऱ्या मोर्च्यातली. पुढे शिबिरं, बैठका, धरणी यांत शेकडो वेळा भेटलो. पण विषयपत्रिकेशिवाय, समोरासमोर बसून जेवल्याचं दोघींनाही आठवेना. वेटरने आधी विचारलं, "अजून कोणी येणारेत का?" दोन बायकांचं टेबल त्याला अपुरं वाटत असावं. थाळी संपताच न मागता बिल आलं. शेजारी चार गृहस्थ आमच्या आधीपासून नुसत्या चहावर बसले होते, त्यांचं बिल काही येत नव्हतं. आम्ही आणखी दोन कॉफी मागवल्या.

पहिल्या तासात मैत्रिणीच्या घरून तीन फोन आले. सासूबाईंची गोळी कुठली, गॅसवाला आलाय, डबा कुठे ठेवलाय. (डबा ओट्यावरच होता.) दुसरा तास जुन्या आठवणींत आणि एकमेकींच्या गुडघ्यांत गेला; पोटभर हसलो. तिसऱ्या तासाला कुठे ती म्हणाली, "अगं, घर मुलाच्या नावावर करून द्यायचं म्हणताहेत. यांची सही झाली. माझंही नाव आहे ना त्यावर, म्हणून माझी मागताहेत."

ही बाई आयुष्यभर दुसऱ्या बायकांना 'न वाचता सही करू नका' असं सांगत आलेली. फोनवर हे बोलता येत नाही, कारण फोन सगळ्यांसमोर. बैठकीत येत नाही, कारण तिथे ती 'ताई', आणि ताईला अडचणी नसतात! आम्ही बिलाच्या पाठीवर मुद्दे लिहून काढले. बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की सहजासहजी मागे घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार पुढे लागला, तर सांभाळ करण्याची अट त्या कागदात स्पष्ट लिहिलेली बरी. मुलाला द्यायचंच असेल तर मृत्युपत्रानेही देता येतं, आणि ते हयातीत बदलता येतं. वकील बाईंना भेटेपर्यंत सही नाही, एवढं तिने ठरवलं.

समुपदेशनाचं काम करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. बाई पहिला अर्धा तास दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलते. खरी गोष्ट ती उठता उठता सांगते. तिला उठायची घाई नसेल अशी जागा आणि असा वेळ किती जणींना मिळतो?

पण मला यावरच थांबायचं नाही. घराचा विषय निघाला नसता, आम्ही चार वाजेपर्यंत नुसत्या हसलो असतो, तरी ती दुपार तितकीच आमची होती. बायकांच्या मोकळ्या वेळाला दर वेळी उपयोगाचा दाखला जोडायचा, ही सवय आपल्या चळवळीतही मुरलेली आहे. कामाचे तास, समान वेतन, सुरक्षितता हे सगळं आपण मागितलं. रिकामा वेळ मागितला का? सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, आणि लगोलग पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली.

मुंबईत बाहेर जेवण्याचा इतिहास तरी काय आहे? गिरणगावात घर सोडून आलेल्या कामगारांना जेवू घातलं ते खाणावळवाल्या बायकांनी. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकारी कर्जातून सोडवायला. शहरभर पुरुष 'बाहेर' जेवत होते, म्हणजे कोणा बाईच्या चुलीपुढे. तिचं स्वतःचं पान शेवटी. इराणी आणि उडुपी हॉटेलांत बायकांना जागा मिळाली तीही 'फॅमिली रूम'च्या पडद्याआड. बाई आली म्हणजे कुटुंब आलं, हे गृहीतच.

'हॉटेलात बसणं हे मध्यमवर्गीय बायकांचं चोचलं' असं कोणी म्हणेल. पैशांचा मुद्दा खरा आहे. त्या हॉटेलात मोरीवर भांडी घासणारी बाई त्या टेबलावर बसू शकत नाही, हे आम्हाला दिसत होतं. पण तिच्याजवळ नाही तो केवळ पैसा नाही. तिच्या नवऱ्याकडेही पैसा नसेल, तरी गुत्त्याबाहेरचा कट्टा त्याचा आहे. बागेतला बाक, समाजमंदिराची पायरी, स्टेशनबाहेरची चहाची गाडी इथे तिला दोन तास बसता आलं पाहिजे. आणि जवळपास वापरण्याजोगी मुतारी पाहिजे, नाहीतर दोन तासांच्या गप्पा कुठल्या? २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली ती काही उगीच नाही.

आमच्या गटाच्या येत्या शिबिराचं वेळापत्रक ठरतंय. मी सुचवलं की दुपारी एक ते तीन हा वेळ कोरा ठेवू या. जेवण बचतगटाकडून मागवायचं, त्यांना पुरता मोबदला द्यायचा, आणि त्या दोन तासांत कोणी काही 'घ्यायचं' नाही. सगळ्यांना पटलं. मग एक तरुण कार्यकर्ती वहीतून मान वर करून म्हणाली, "ताई, त्या वेळात एक छोटी गटचर्चा बसेल ना?"