नक्कल आणि चोरी

धारवाडच्या बाजारपेठेतील एखाद्या दुकानातून कोणी पेढ्यांचा पुडा न विचारता उचलून नेला, तर त्यास चोर म्हणावयास आपण क्षणभरही कचरत नाही. परंतु एरव्ही परक्याच्या पैशाला स्पर्शही न करणारा सज्जन मनुष्य मित्राच्या संगणकावरील विकतचे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर उतरवून खुशाल घरी नेतो. 'मी कोणाचे काय नेले? मित्राचे मित्रापाशीच आहे!' हे त्याचे ठरलेले उत्तर. हे उत्तर आम्ही वर्गातही ऐकले आहे, आणि खरे सांगावयाचे तर आमच्यापैकी काहींनी ते दिलेही आहे. म्हणूनच या प्रश्नाचा विचार दुसऱ्यास उपदेश करण्यासाठी नव्हे, तर स्वतःस तपासून पाहण्यासाठी करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, नक्कल आणि चोरी या दोन गोष्टी तंतोतंत एक नव्हेत. पुडा गेला की दुकानदाराचा पुडा कमी होतो. नक्कल केली तरी मूळ वस्तू जागच्या जागी राहते. कायद्यासही हा भेद ठाऊक आहे. 2023 च्या भारतीय न्याय संहितेत चोरीची जी व्याख्या आहे, तीत दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिक हेतूने हलविणे अभिप्रेत आहे. सॉफ्टवेअरची अनधिकृत नक्कल मात्र 1957 च्या कॉपीराइट कायद्याखाली येते. 1994 साली त्यात दुरुस्ती होऊन, नक्कल अनधिकृत आहे हे जाणून ती संगणकावर वापरणे हाही स्वतंत्र अपराध ठरला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1985 साली, एल्व्हिस प्रेस्ली या गायकाच्या अनधिकृत तबकड्यांच्या खटल्यात, स्वामित्वहक्काचा भंग म्हणजे सरळसरळ चोरी नव्हे, असाच निर्णय दिला.

मग चोरी नव्हे म्हणून ती निर्दोष ठरते काय? आमचे उत्तर ठाम नकारार्थी आहे. आपल्या हुबळीच्या स्थानकावर 2023 साली 1,507 मीटर लांबीचा फलाट खुला झाला. त्या फलाटावरून एखादा मनुष्य तिकिटावाचून गाडीत चढला आणि रिकाम्या जागी बसला, तर त्याने गाडी चोरली असे कोणी म्हणणार नाही. गाडी तर त्याच्यावाचूनही धावणारच होती! तरीही तो निरपराध नव्हे. गाडीच्या खर्चातील आपला वाटा त्याने बुडविला व त्याचा भार तिकीट काढणाऱ्यांवर टाकला. नक्कल करणाराही वस्तू नेत नाही. तो श्रमाचे मोल बुडवितो. सॉफ्टवेअरची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही हे खरे. पण पहिली प्रत घडविण्यास अनेकांची अनेक वर्षे खर्ची पडतात.

'मोठमोठ्या कंपन्यांचे काय बिघडते?' असे कोणी म्हणेल. त्यांनी जवळचे उदाहरण पाहावे. जी. ए. कुलकर्णी यांनी याच धारवाडात राहून, येथील महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत, मराठी कथेला नवे वैभव दिले. 1987 साली ते निवर्तले. साठ वर्षांच्या नियमानुसार त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क 2047 अखेरपर्यंत राहील. असे पुस्तक छायाप्रतींच्या रूपाने मोबाइलवरून मोबाइलवर फुकट फिरू लागले, तर मराठी वाचकांच्या लहानशा वर्तुळात ते पुन्हा छापण्याची हिंमत कोणता प्रकाशक करील? जो नियम येथे आपणांस न्याय्य वाटतो, तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यासच का नाकारावा?

किमतीचा आक्षेप मात्र खोटा नाही. ज्या विद्यार्थ्यास ते सॉफ्टवेअर कधीच विकत घेता आले नसते, त्याच्या नकलेमुळे एक विक्री बुडाली असे म्हणणे न्यायाचे नव्हे; प्रत्येक नक्कल म्हणजे तेवढ्या किमतीचे नुकसान, हा हिशेब फुगविलेला आहे. पण आज गरजूपुढे दुसरी वाट बंद नाही. लिनक्स व लिबरऑफिस यांच्या कर्त्यांनी नक्कल करण्याची मुभा आपण होऊन दिली आहे. केरळातील सरकारी शाळांत अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर मुले संगणक शिकतात. 'मुक्ता'सारखा सुबक देवनागरी टंकही कोणासही विनामूल्य वापरता येतो. पुस्तकांसाठी तर ग्रंथालये आहेतच.

विद्याधन दिल्याने वाढते, असे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि नकलेच्या समर्थनार्थ हे वचन पुष्कळदा पुढे करण्यात येते. परंतु त्यातील क्रियापदाकडे आपले लक्ष जात नाही. ते धन 'दिल्याने' वाढते, न विचारता घेतल्याने नव्हे. ज्याने निर्माण केले, त्याने दिले तर ते दान. त्याने मोल मागितले तर ते द्यावे, अथवा ती वस्तू सोडावी. नक्कल करणाऱ्यास चोर म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. पण उद्या आमच्यापैकीच कोणी सॉफ्टवेअर लिहील, कोणी कथा लिहील. त्या दिवशी आपल्या श्रमाचे मोल मिळावे, असे ज्यास वाटते, त्याने आज दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बुडवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.