दाढ मोडीत काढण्याआधी

यंत्रमाग बंद पडला तर मालक तो आधी दुरुस्त होतो का ते पाहतो. मोडीत काढण्याचा विचार अगदी शेवटी येतो. तोच मालक स्वतःची दाढ ठणकू लागली की पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगतो, "काढून टाका, कटकट नको." हा व्यवहार तोट्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दाढ काढायला थोडा वेळ लागतो व पैसेही थोडे. वाचवायची तर रूट कॅनालच्या दोन-तीन फेऱ्या, वर कॅपचा खर्च. सीझनमध्ये दुकान सोडून एवढ्या फेऱ्या मारणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण काढलेल्या दाढेचा हिशेब त्या दिवशी संपत नाही. शेजारचे दात हळूहळू रिकाम्या जागेत कलतात, समोरचा दात लांबतो, फटीत अन्न अडकून तेही किडू लागतात. जबड्याचे हाड त्या जागी झिजते. मग माणूस एकाच बाजूने चावतो. कीड लहान असताना साध्या सिमेंट-भरणीने जे काम झाले असते, त्यासाठी चार-पाच वर्षांनी तीन दातांचा खर्च करावा लागतो.

दात गेलाच असेल तर पर्याय तीन. काढता-घालता येणारा दात सर्वांत स्वस्त. तो रात्री काढून पाण्यात ठेवावा लागतो आणि चावण्याची ताकद कमीच मिळते. दुसरा ब्रिज. यात दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करतात व त्यांच्या आधाराने मधला दात बसवतात. शेजारचे दात आधीच किडलेले असतील तर ब्रिज उत्तम. पण तरुण माणसाचे दोन शाबूत दात घासण्याआधी दहा वेळा विचार करावा. तिसरा इम्प्लांट. टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात बसवतात आणि हाड त्याला धरून ठेवते. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. काम टिकाऊ, पण महाग, आणि पुरे होण्यास बहुधा काही महिने लागतात. ज्याची शुगर आटोक्यात नाही किंवा तंबाखू सुटत नाही, त्याने यात पैसा घालण्याआधी ते दोन्ही सांभाळावे. अशा तोंडात इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी रात्रपाळीच्या कामगारांच्या खिशातून पुडी गेलेली नाही. सुपारी-गुटख्याने गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासे होते. दोन बोटेही आत जात नाहीत अशा तोंडात कवळीचे माप घेणेसुद्धा कठीण. शिवाय हा आजार पुढे कॅन्सरकडे वळू शकतो. तिथे दाताची चिंता नंतरची.

आमच्या टेलर बांधवांनी दाताने दोरा तोडणे आणि सुतारांनी खिळे दातात धरणे सोडावे. त्याने पुढच्या दातांना खाचा पडतात. कॅप बसवल्यावर तर ती निसटते किंवा तुटते. आणखी एक खोड आहे. कारागीर हाताचा हुशार असतो, म्हणून तुटलेली कवळी घरीच फेव्हिक्विकने चिकटवतो. जोड जरा तिरका बसला की कवळी हिरडी कापू लागते. ढिली कवळीही स्वतः घासू नये. हाड झिजल्याने ती ढिली होते; डॉक्टर आतून नवा थर भरून देतात.

फुटपाथवर तासाभरात "पक्का" दात बसवून देणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. नीम हकीम खतरे जान. तार व झटपट सुकणारे प्लास्टिक लावून ते नकली दात शेजारच्या दातांना चिकटवतात. खाली घाण साचते, हिरडी सडते आणि ज्यांचा आधार घेतला ते चांगले दातही हलू लागतात. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानुसार दंतवैद्याची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

ज्यांना खाजगी दवाखाना परवडत नाही त्यांच्यासाठी मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय व महापालिकेचे नायर, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे फेऱ्या जास्त होतात, पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होते व खर्च बराच कमी.

सुताचा दर्जा विचारल्याशिवाय गाठ न उचलणारा आमचा व्यापारी दवाखान्यात मात्र गप्प बसतो. कॅप कोणत्या धातूची, सिरॅमिक की झिर्कोनिया, लॅबचे वॉरंटी कार्ड मिळेल का, एकूण खर्च किती व किती फेऱ्यांत, हे कामाआधी कागदावर लिहून मागावे. पैसे दिल्यावर बिल घ्यावे. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला आहे. पण बिल नसेल तर तक्रार घेऊन जाणार कशाच्या आधारावर?