जुनी मोटार रस्त्यावरच बरी

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला आपल्याकडे आता 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. केंद्राने २०२१ साली तसे नियम केले. वीस हजार रुपये शुल्क, नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं, दहा वर्षांची मुदत. इथवर ठीक. पण त्याच नियमांत पुढे म्हटलंय, की ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याच कारणांसाठी तिने फाटकाबाहेर पडायचं. जुन्या गाड्या वाचाव्यात म्हणून केलेला हा नियम त्यांच्या जिवावर उठणार आहे, असं मला वाटतं.

मी राहते ॲबिंग्डनला, ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, थेम्सच्या काठी. एमजीचा जुना कारखाना इथलाच. १९८० च्या ऑक्टोबरात तो बंद पडला. पुण्यात आज एमजी म्हटलं की लोकांना गुजरातेत हलोलला तयार होणारी नवी गाडी आठवते. माझी जुन्या घराण्यातली आहे, १९७२ ची एमजीबी जीटी. १९६२ ते १९८० या काळात या लहानशा गावाने पाच लाखांहून जास्त एमजीबी बनवल्या आणि बऱ्याचशा अमेरिकेला धाडल्या. ही काही लॉर्ड मंडळींची गाडी नव्हे. पगारदार माणसाला परवडेल अशी स्पोर्ट्सकार, म्हणूनच ती खपली. मी तिने भाजी आणते, भर पावसात कामावर जाते. आमच्या क्लबातले निम्मे लोक तेच करतात.

क्लबात एक निवृत्त बसचालक आहेत. नवा सभासद आला की ते आधी विचारतात, गाडीवर कव्हर घालतोस का? हो म्हटलं, तर कव्हर विकून टाक म्हणतात. यात थट्टा आहे तशी अक्कलही आहे. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, सिलिंडर आतून गंजतो, पिस्टन अडकून बसतो. टाकीतलं पेट्रोल शिळं होतं आणि कार्बोरेटरात डिंकासारखा थर धरतं. रबरी सील सुकतात. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते. एवढं झालं की रॅलीच्या दिवशी गाडी ट्रकवर चढवून न्यावी लागते.

पण खरा मुद्दा सुट्या भागांचा आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या अंगावर. दाराखालच्या पोकळ पेट्या, ज्यांना इथे सिल म्हणतात, त्या आतून गंजल्या की गाडी मधोमध वाकते आणि उघडलेलं दार परत बसत नाही. सत्तरच्या दशकातल्या हजारो गाड्या याच रोगाने भंगारात गेल्या असत्या. पण १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने प्रेसच्या मूळ डाय शोधून काढल्या आणि एमजीबीचा पूर्ण सांगाडा पुन्हा नवा बनवायला घेतला. कारखान्याला टाळं लागून आठ वर्षं झाली होती! आजही विटनीला, माझ्या घरापासून फार लांब नाही, तो बनतो. हे प्रेमापोटी होत नाही. गाड्या धावतात, झिजतात, म्हणून गिऱ्हाईक आहे. वर्षातून दोनदा रॅलीत मिरवणाऱ्या गाडीला ब्रेकशू किती वर्षांनी लागणार? मग ते बनवायचे कुणी आणि दुकानात ठेवायचे कुणी?

हे समजायला इंग्लंडला यायची गरज नाही. कुर्ल्याचा प्रीमियर पद्मिनी मोटारीचा कारखाना बंद पडल्यावर वीसहून अधिक वर्षं तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी मुंबईत धावत राहिल्या. धावत होत्या तोवर त्यांचे भाग मिळत होते, डोळे मिटून गिअरबॉक्स उतरवणारे मिस्त्री होते. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. आता त्या मिस्त्रीने आपल्या पोराला ती विद्या कशाला शिकवावी?

अशी विद्या मी घरातच पाहिली. माझ्या वडिलांचं पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टचं दुकान होतं. ते इथे आले तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, ''अगं, हे तर अँबॅसिडरचंच भावंड.'' बरोबर होतं त्यांचं. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन आणि माझं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, म्हणजे बीएमसीच्या, बी सिरीजमधली. फीलर गेज मागून त्यांनी तिथल्या तिथे टॅपेट लावून दिले.

इंग्लंडचं सगळंच गोड आहे असं नाही. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रस्ताकर नाही, ते ठीक. पण २०१८ पासून वार्षिक तपासणीतूनही सूट दिली आहे, ती मला मुळीच पटत नाही. चाळीस वर्षांच्या ब्रेकला तर तपासणी जास्तच हवी. मी ती दरवर्षी पैसे भरून करून घेते. आणि धुराचं म्हणाल तर खोटं कशाला बोलू, माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, मागे उभं राहिलं की वास येतो. मात्र अशा गाड्या आहेतच किती आणि त्या धावतात किती, याचा हिशेब कुणी केला तर शहराच्या हवेतला त्यांचा वाटा चिमूटभर निघेल.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र इथे शहाणपण दिसलं. सप्टेंबर २०२१ मध्ये इथे साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरची वॉशरं त्याने खराब होतात हे ठाऊक असल्यामुळे पाच टक्केवालं 'सुपर' पेट्रोल पंपांवर कायम ठेवलं. थोडं महाग पडतं, पण मिळतं. आपल्याकडे सर्रास वीस टक्के इथेनॉल आलं, आणि साध्या दरातला दुसरा पर्याय जवळपास उरला नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. व्हीए नंबरच्या गाडीला धंद्यासाठी बंदी असू द्या, खासगी वापरावरची उठवा. बदल्यात दरवर्षी फिटनेस तपासणी सक्तीची करा. मोठ्या शहरांत दोन-चार पंपांवर तरी कमी इथेनॉलचं पेट्रोल परवडेल अशा दरात ठेवा.

पुण्यात माझ्या मावसभावाकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड आहे. इथली ट्रायम्फ स्पिटफायर त्याच हेराल्डच्या चासीवरून बेतलेली, त्यामुळे पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाकं वळतात ते सांधे, इंग्लंडात अजून नवे मिळतात. स्पिटफायरवाले गाड्या दामटतात ना! मी पुण्याला येताना ते बॅगेतून घेऊन येते आणि विमानतळावर बॅग उघडून पितळेचे ते गोळे दाखवत बसते. आरटीओच्या एजंटने मावसभावाला व्हीए नंबर घ्यायचा खूप आग्रह केला. त्याने नाही घेतला. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क २०२५ मध्ये दहा हजार झालं, तेही तो भरणार आहे. नातीला शाळेत सोडायला त्याला दुसरी गाडी काढायची नाही.