२.७ किलोमीटरचं उड्डाण
स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन बेटं आहेत. त्यांच्या विमानतळांमधलं अंतर आहे जेमतेम २.७ किलोमीटर, म्हणजे एडिंबरा विमानतळाच्या धावपट्टीपेक्षा थोडंसंच जास्त! लोगनएअरची विमानं १९६७ पासून या मार्गावर ये-जा करत आहेत आणि जगातलं सर्वांत छोटं नियमित प्रवासी उड्डाण म्हणून ते ओळखलं जातं. वेळापत्रकात २ मिनिटं दिलेली असली, तरी खरा वेळ वारा ठरवतो. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊनच उडतं आणि उतरतं. त्यामुळे दिशा जुळली नाही की एवढ्याशा अंतरातही वळसा पडतो, आणि सगळं जुळून आलं की ५३ सेकंदांचा विक्रम होतो. विमानही बेताचंच आहे, ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, जेमतेम आठ प्रवाशांचं. हौशी पर्यटक हे उड्डाण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी येतात हे खरं. पण या सेवेचं मोल कळतं ते पापा वेस्ट्रेच्या शंभराच्या आतबाहेर असलेल्या वस्तीला. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण यांची ने-आण हेच विमान करतं, आणि पाच हजार वर्षांहून जुनं ‘नॅप ऑफ हॉवर’ हे दगडी घर पाहायला निघालेले अभ्यासकही त्यातूनच उतरतात.